उघडा पेला

चैत्राचं ऊन तापायच्या आत रसवंतीवर पहिली गर्दी व्हायची ती माशांची. ग्यानोबानं चरकाच्या लाटेला, त्या आडव्या लाकडाला, बैल जुंपायचा, पहिलं कांडं दात्यात सरकवायचं, आणि रसाची धार पातेल्यात पडायला लागली की मधमाशा कुठून कुठून निघून यायच्या. पातेल्यावर बांधलेल्या फडक्यावर बसायच्या, चिपाडांच्या ढिगावर बसायच्या, लिंबाच्या सालीवर बसायच्या. त्यांच्या मागून लांबोडक्या, पिवळ्या कमरेच्या गांधीलमाशा यायच्या. त्या बसल्या की मधमाशाही बाजूला व्हायच्या.

सरजाबाई ओला पंचा घेऊन उभी राहायची. मारायची नाही, नुसता वारा घालायची.

"कवर हाकशील?" ग्यानोबा म्हणायचा. "त्या हाकल्यानं जातेत व्हय?"

"जात न्हाईत. पर कुटं जावं त्यांनी तरी? समद्या मुलखात फूल हाय का एक?"

ते खरं होतं. दुसरं वर्ष कोरडं चाललं होतं. कडुनिंबाला मोहर आला तो झाडावरच करपून गेला. बाभळी नुसत्या काट्यांनी उभ्या होत्या. मुखेडकडच्या गावात सरजाबाईच्या घरासमोरची बारव तळाला गेली होती आणि खडी फोडायच्या कामावर एवढी माणसं लोटली होती की दोन दिवस काम मिळालं तर चार दिवस घरी बसावं लागे. तेव्हा ग्यानोबाच्या मामानं त्याच्या परसात गंजत पडलेला लोखंडी चरक काढून दिला. म्हणाला, "लातूरला जावा. जिल्हा झालाय तिथं. रोज नव्या कचेऱ्या निघून राहिल्यात. मानसं नुसती उनात हुबी असतेत. रस पितील." म्हाताऱ्या सासूजवळ दोन्ही पोरांना ठेवून नवरा-बायको चरक एका बैलाच्या गाडीत घालून निघाले. बैलाचाही प्रश्न त्यातच सुटला. गावात कडब्याची पेंढी बघायला मिळत नव्हती. इथं उसाचं वाढं तरी त्याच्या तोंडाला लागणार होतं.

जागा मिळाली ती वसंतराव वकिलांच्या बागेत. नव्या कचेरीच्या रस्त्याला लागून जुनी बाग होती. पेरूची, लिंबाची झाडं, मधे एक आडवी तिडवी वाढलेली चिंच, एका अंगाला विहीर आणि मागं वकिलांचं घर. विहिरीला पोहरा बुडण्यापुरतं पाणी होतं. वकिलांच्या आईनं, गोदावरीकाकूंनी, स्वतः बाहेर येऊन चिंचेखालची जागा दाखवली.

"भाडंबिडं नको मला," त्या म्हणाल्या. "माझी लिंबं वाळत चाललीत. रोज त्यांना दोन-दोन कळशा घाला. आणि झाडून काढत जा."

"घालतो की, काकू," सरजाबाई म्हणाली.

"गाव कोणतं म्हणालीस?"

सरजाबाईनं गाव सांगितलं.

"अगं, मग माझ्याच अंगाची तू. मी उमरीची. गावात घर कुठंशी तुमचं?"

हा प्रश्न पुढं कुठं जातो ते सरजाबाईला ठाऊक होतं. एकदा विचारून झालं की माणसाचा आवाज बदलतो, पाय अर्धं पाऊल मागं जातो. लपवायचं मात्र तिच्या सासऱ्यानं कुणाला शिकवलं नव्हतं. घरातले देव गाठोड्यात बांधून नदीत सोडले त्या दिवसापासून तो मान वर करूनच बोलत आला होता.

"बौद्धवाड्यात, काकू."

"बरं," गोदावरीकाकू म्हणाल्या. "रस कधी काढणार? आलं घालून दे मला. आणि लिंबू आपल्याच झाडाचं घे."

पाय मागं गेला नाही. आवाजही होता तसाच राहिला.

तेव्हापासून रोज दुपार कलली की काकू बागेत यायच्या. लिंबाखाली त्यांची बाज टाकलेली असायची. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. माणूस आवाजावरून ओळखायच्या, भांडं चाचपून धरायच्या. सरजाबाई काचेचा गिलास धुऊन, उजेडात धरून, रस ओतायची आणि वर बशी झाकूनच बाजेपर्यंत न्यायची. काकूंच्या हातात गिलास दिला की आधी आत बघायची, मग बशी उचलायची.

"हां, प्या आता. काय न्हाई आत."

"तू एवढं काय बघतेस गं? विष घातलंयस का?"

"माशा हायेत ना, काकू. गांदीलमाशी आत पडली आन् तोंडात गेली तर?"

"जाईल बिचारी. तिला तरी कोण देतंय गोड?" असं म्हणून काकू हसायच्या. त्यांचे वरचे दात गेले होते, हसताना ओठ आत जायचे.

कधी काकू उमरीच्या गोष्टी सांगायच्या, रझाकाराच्या वेळी बैलगाडीत लपून हद्द पार केल्याची. कधी सरजाबाई आपल्या पोरांचं सांगायची. काकू ऐकता ऐकता तिचा हात हातात घ्यायच्या आणि तळव्यावरचे घट्टे बोटानं चाचपायच्या. "खडीचे गं हे. उसाचे नव्हेत," म्हणायच्या. सरजाबाईला सुरुवातीला अवघडल्यासारखं व्हायचं. मग सवय झाली. पुढं पुढं दुपार झाली की तीच बाजेकडं बघायला लागली.

माशांचा त्रास मात्र वाढत गेला. एका कारकुनाच्या ओठाला गांधीलमाशी चावली. त्याचं तोंड एका बाजूनं असं फुगलं की बरोबरचे लोक हसायलाच लागले. तो मात्र चिडून गेला आणि चार जणांना घेऊन गेला. ग्यानोबा बेजार झाला. चिंचेच्या वरच्या फांदीला काळं मोहोळ लोंबत होतं. टेंभा करून ते जाळतो म्हणाला.

"जाळू नको रे बाबा," बाजेवरून काकू म्हणाल्या. "माझ्या सासऱ्यांच्या वेळपासून बसतंय ते."

"काकू, धंदा बसायलाय माझा."

"मंग त्यांना येगळं वाडा की," सरजाबाई म्हणाली. "जेवायला बसल्यावर लेकरं लई गलका करायली तर आपन काय करताव? एका अंगाला बसवून ताट देताव."

तिनं विहिरीपलीकडं, बागेच्या टोकाला एक फुटकी परात ठेवली. त्यात चिपाडं, रसाचं धुवण आणि वर दोन-चार काड्या, माशा बुडू नयेत म्हणून. पहिल्या दिवशी काही झालं नाही. नंतर हळूहळू माशांचा लोंढा तिकडं वळला. चरकापाशी अजूनही यायच्या, पण थोड्या. गिऱ्हाईक परत आलं. ग्यानोबानं मोहोळाचं नाव काढलं नाही. पण सरजाबाईचं झाकण मात्र सुटलं नाही. गिलासावर बशी, पातेल्यावर फडकं, बर्फाच्या भुशावर पोतं. झाकल्याशिवाय काही ठेवायचं नाही, हे तिच्या हाताला लागून गेलं होतं.

वैशाखात वकिलांचे सासरे, रेणुकादास, नायगावहून मुक्कामाला आले. उंच, गोरे, कपाळाला गंध. दुपारी ते बागेत फिरायला आले तेव्हा काकू सरजाबाईच्या हातून गिलास घेत होत्या. रेणुकादास थोडा वेळ उभे राहिले. ग्यानोबाला त्यांनी गाव विचारलं, घर कुठं ते विचारलं. मग घरात गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी काकू बाजेवर येऊन बसल्या आणि त्यांच्या मागून त्यांची सून आली. सौदामिनीवहिनी एरवी बागेत फारशा येत नसत. सडपातळ, घाईच्या, सारखा पदर सावरणाऱ्या. वाईट बोलणाऱ्या नव्हत्या. सरजाबाईला त्यांनी दोनदा जुनं लुगडं दिलं होतं, एकदा पोरांसाठी शेवया दिल्या होत्या. आज त्यांच्या हातात चांदीचा पेला होता. त्या चरकापाशी आल्या आणि जरा लांबच थांबल्या.

"सरजाबाई, आजपासून आईंचा रस ह्याच्यात देत जा."

"द्या की, वयनी." सरजाबाईनं हात पुढं केला.

पेला पुढं आला नाही. सौदामिनीवहिनींनी तो चरकाजवळच्या पाण्याच्या हौदाच्या कठड्यावर ठेवला.

"इथं ठेवते मी. तुम्ही वरूनच धार धरा. हात नका लावू. मी नेऊन देईन त्यांना." मग आवाज खाली करून म्हणाल्या, "माझे वडील आहेत घरात. ते जाईपर्यंत. राग मानू नका."

सरजाबाईच्या हातात आल्याचा तुकडा होता. ती तो चोळत राहिली. चरकापाशी कचेरीतले दोघे गिलास घेऊन उभे होते. त्यांनी ऐकलं आणि आपल्या हातातल्या गिलासाकडं बघितलं. एकानं तो तसाच अर्धा खाली ठेवला. ग्यानोबानं बैलाला उगीच चाबूक मारला.

"बरं," सरजाबाई म्हणाली.

तिनं तांब्या उचलला आणि वरून धार धरली. धार हलली, थोडा रस कठड्यावर सांडला. सांडलेल्यावर लगेच माशा आल्या. वहिनींनी पेला उचलला, पदरानं बाहेरून पुसला आणि सासूकडं नेला.

"सरजा गं," लिंबाखालून काकूंचा आवाज आला. "हे काय आज? इकडं का नाही आलीस?"

"काम हाय, काकू," सरजाबाई म्हणाली.

"हातातलं ठेव की जरा."

सरजाबाईनं पुढचं कांडं उचललं. राग कुणाचा यावा हे तिला कळत नव्हतं. रेणुकादास तिच्याशी एक शब्द बोलले नव्हते. वहिनींनी तर राग मानू नका म्हटलं होतं. राहता राहिल्या काकू. त्यांना काही दिसत नव्हतं, ठाऊक नव्हतं. पण इतके दिवस ज्यांनी हात हातात घेतला त्यांनी आज विचारायला नको? पेला बदलला हे ओठांना कळत नाही? सरजाबाईचं सगळं जळतं मन त्या एका म्हातारीकडं वळलं. जिथं माया असते तिथंच ते वळतं, परक्यावर कशाला वळेल.

रात्री भाकरी खाताना ग्यानोबा म्हणाला, "सोडून दे. जागा हाय, पानी हाय. पावसापतोर काढायचं आपल्याला."

"म्या कुटं काय म्हन्ले?"

"बोलली न्हाईस म्हनूनच म्हनून राहिलो."

त्यानंतरही तसंच चाललं. वहिनी पेला आणून कठड्यावर ठेवायच्या आणि घरात जायच्या. सरजाबाई वरून धार धरायची. थोड्या वेळानं वहिनी येऊन पेला न्यायच्या. मधल्या वेळात पेला कठड्यावर उघडा असायचा. बशी झाकायची तर हात पेल्याला लागणार. पहिल्या दिवशी सरजाबाईनं बशी हातात घेतली होती आणि परत ठेवली होती. काचेच्या गिलासात आत काय आहे ते लांबूनही दिसायचं. चांदीच्या पेल्यात वाकून बघितल्याशिवाय काही दिसायचं नाही. ती वाकायची नाही.

काकू आता हाक मारायच्या नाहीत. एकदा फक्त म्हणाल्या, "सरजा, माझं काही चुकलं का?"

सरजाबाईनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. चरकाची घुंगरं वाजत होती. त्यांच्या आवाजात नसेल ऐकलं, असं काकूंना वाटलं तर वाटो.

त्या दिवशी कचेरीत कसली तरी मोठी सभा होती. गावोगावचे लोक टँकर मागायला आले होते. सकाळपासून बाग माणसांनी भरली. ऊस कमी आलेला, बर्फ निम्मा वितळलेला. विहिरीपलीकडची परात भरायलाही सरजाबाईला सवड झाली नाही. ती वाळून गेली, आणि माशा सगळ्या चरकाकडं आल्या. लोक हात झटकत, डोक्याला टापशी गुंडाळून रस पीत होते.

वहिनींनी पेला ठेवला. "सरजाबाई, लवकर द्या हो. आईंचा घसा कोरडा पडलाय."

"देते."

तिनं धार धरली. पेला भरला. तांब्या खाली ठेवता ठेवता तिनं बघितलं, एक गांधीलमाशी कठड्यावर उतरली. चालत पेल्याच्या काठावर चढली. थोडा वेळ काठावरच फिरली. मग आत गेली. बाहेर आलेली दिसली नाही.

सरजाबाई उभी होती. पेला तिच्यापासून हातभर लांब. हात लावायचा नाही असं सांगितलेलं. हाक मारता आली असती. वयनी, माशी गेली बगा, एवढंच. तिच्या मनात आलं, त्यांचा पेला, त्यांनीच बघावा. आपून कशाला? हा विचार आला आणि तिला त्यात गार वाटलं. अंगावर पाण्याचा सपकारा बसावा तसं.

"सरजे, बर्फ!" ग्यानोबा ओरडला.

ती वळली. पोतं उचललं, लादी फोडली. दोन गिलास भरले, तिसरा भरला. मनात होतं, वहिनी उचलताना बघतीलच. बघतीलच की. मग तिनं मागं बघितलं तेव्हा पेला कठड्यावर नव्हता.

काकूंनी तो दोन्ही हातांनी ओठाला लावला होता.

"काकू!" सरजाबाई ओरडली. "थांबा!"

काकूंनी घोट घेतला होता. पेला हातातून सुटला. त्यांनी गळ्याला हात लावला आणि खोकल्या. पहिला खोकला साधाच वाटला. मग त्यांचं तोंड उघडं राहिलं आणि त्यातून आवाज येईना. सौदामिनीवहिनी "आई, आई" म्हणत पाठीवर थापट्या मारायला लागल्या. सरजाबाई माणसांना ढकलत धावली. तिनं काकूंची हनुवटी धरली, बोटं तोंडात घातली, घशाशी पोचवली. चिकट, गरम, आत सगळं सुजत चाललेलं. बोटाला वळवळ लागली. तिनं ती चिमटीत धरून ओढली. गांधीलमाशी अजून जिवंत होती. तिच्या बोटालाही ती चावली. सरजाबाईनं ती जमिनीवर टाकून टाचेनं चिरडली.

"मीठ आना! कांदा आना!" कुणीतरी ओरडत होतं. दुसरं कुणी म्हणत होतं लोखंड घासा.

"रिक्षा बगा आदी," सरजाबाई ओरडली.

ग्यानोबानं बैल तसाच लाटेला सोडून रस्त्यावरची रिक्षा अडवली. सरजाबाईनं काकूंना उचललं; त्या हलक्या होत्या, पेंढीएवढ्या. रिक्षात तिनं त्यांना मांडीवर घेतलं. एका अंगाला वहिनी, अनवाणी, केस सुटलेले. काकूंचा श्वास शिट्टीसारखा वाजत होता. ओठ काळे पडत चालले होते. त्यांनी चाचपून सरजाबाईचा हात धरला. तळव्यावर बोट फिरवलं. ओळखलं असावं.

"काकू, आलाच दवाखाना. आलाच बगा."

शिट्टी बारीक होत गेली. दवाखान्याच्या फाटकाशी रिक्षा वळली तेव्हा ती थांबलेली होती. डॉक्टर धावत आले, त्यांनी आत नेलं, घशाशी काहीतरी केलं. बाहेर आले तेव्हा त्यांनी मान हलवली. वसंतराव कोर्टातून काळ्या कोटातच आले आणि भिंतीला टेकून उभे राहिले.

सरजाबाईचं बोट सुजून जाडजूड झालं होतं. ठणका खांद्यापर्यंत चढला होता. ती दवाखान्याच्या पायरीवर बसून त्या ठणक्याकडं लक्ष लावून राहिली.

कुणीच तिला बोल लावला नाही. वसंतराव म्हणाले, "तुम्हीच काय ते तोंडात हात घातलात. बाकीचे बघत राहिले." रेणुकादास दहाव्यानंतर नायगावला गेले, जाताना चरकाकडं त्यांनी बघितलं नाही. रसवंती बंद राहिली, मग ग्यानोबानं पुन्हा सुरू केली. वकिलांनीच सांगितलं होतं, खुशाल चालवा म्हणून. पण सरजाबाईच्यानं होईना. रसाचा वास आला की ती उठून विहिरीकडं जायची. लिंबाखाली बाज नव्हती. तिथल्या मातीला ती दोन कळशा घालायची, एवढं एकच काम मनापासून करायची.

"गावाकडं जाऊ," ती म्हणाली.

"आत्ता? आभाळ तरी भरू दे."

"तुमी ऱ्हावा. म्या जाते."

ग्यानोबानं तिच्याकडं बघितलं आणि चरक उतरवायला घेतला.

निघायच्या सकाळी सौदामिनीवहिनी बागेत आल्या. त्या खूप वाळल्या होत्या. गाडीत चरक बांधून झाला होता, ग्यानोबा बैलाला पाणी दाखवायला विहिरीकडं गेला होता. वहिनी चालत थेट तिच्यापाशी आल्या. लांब थांबल्या नाहीत.

"तुम्ही रोज बशी झाकायचात ना," त्या म्हणाल्या. "मी घरातून बघायची. रोज झाकायचात."

"हाव."

"मी म्हणाले शिवू नका. मी म्हणाले." त्यांचा आवाज फुटला. "पेला मीच उचलला, सरजाबाई. मी आत बघितलंसुद्धा नाही. मीच नेऊन दिला त्यांच्या हातात."

त्यांनी सरजाबाईचे दोन्ही हात धरले आणि त्यावर डोकं टेकून रडायला लागल्या. सरजाबाईचे हात त्यांच्या आसवांनी ओले झाले. ती उभी राहिली. सांगायचं ते जिभेवर आलं होतं. म्या बगितली व्हती माशी, वयनी. एवढंच सांगायचं होतं. पण आत कुणीतरी म्हणत होतं, राहू दे. त्यांनी लांब उभं केलं होतं ना. राहू दे त्यांच्याकडंच.

"रडू नका," ती म्हणाली.

ग्यानोबानं बैल जुंपला. गाडी रस्त्याला लागली. वळणापर्यंत सरजाबाईला कळत होतं की वहिनी तिथंच उभ्या आहेत. तिनं मागं बघितलं नाही.

त्या वर्षी मृगानं हूल दिली, पण आर्द्रात पाऊस आला. फार नाही, पेरण्यापुरता. सरजाबाई दुसऱ्याच्या रानात तिफणीमागं मूठ धरायला जायची. ज्वारी हातातून सुटायची आणि तिला धार दिसायची. निंदताना, कापताना, जात्यावर बसल्यावर, कधीही. काकूंचं मरण तिला तेवढं दिसायचं नाही, जेवढा तो बागेतला प्रश्न ऐकू यायचा. माझं काही चुकलं का? त्याला तिनं साधं "न्हाई" म्हटलं नव्हतं. आणि मग वहिनींचं ओलं कपाळ हातावर जाणवायचं. तो ओलेपणा धुऊन जात नव्हता.

संक्रांतीच्या पुढं-मागं तिनं ग्यानोबाला सांगितलं. तो तंबाखू मळत होता. मळता मळता थांबला.

"बगितलीस?"

"हाव."

"आन् बोलली न्हाईस."

"न्हाई."

ग्यानोबानं तळहातावरची तंबाखू झटकून टाकली. "म्याच हाक मारली बर्फासाठी," तो म्हणाला.

"तुमच्या हाकेआदी बगितली व्हती."

"आता उकरून काय व्हायचं हाय? त्यांना वाटून राहिलंय ते वाटू दे. आपल्यावर लई बेतलं तव्हा कोन आलं व्हतं इचारायला?"

"तेच म्हन्ले म्या पन. तेच म्हनून गप ऱ्हायले." ती म्हणाली, "आवो, पर ती बाई रोज मरून राहिली आसंल."

चैत्र लागला तेव्हा ती मुखेडहून एस.टी.त बसली. ग्यानोबा बरोबर आला, म्हणाला, स्टँडवर थांबतो. लातूर वर्षात आणखी पसरलं होतं. कचेरीच्या रस्त्याला नवी दुकानं झाली होती. बाग होती, पण चिंचेखाली पालापाचोळा साचला होता आणि लिंबाची दोन झाडं वाळून गेली होती.

सौदामिनीवहिनींनीच दार उघडलं. कानाशी केस पांढरे झाले होते. त्यांनी तिला ओळखलं, आत बोलावलं, सतरंजीवर आपल्याशेजारी बसवलं, पाणी आणून हातात दिलं. जेवून जा म्हणाल्या. सरजाबाईनं पाण्याचा तांब्या तोंडाला न लावता खाली ठेवला.

"वयनी, म्या एक सांगायला आले."

"बोला ना."

"ती माशी पेल्यात जाताना म्या बगितली व्हती. तुमी पेला उचलायच्या आदी. हाक मारायला पाहिजे व्हती. मारली न्हाई. म्हन्लं, तुमचा पेला, तुमीच बगावा."

वहिनी तिच्याकडं बघत राहिल्या. आधी त्यांना कळलंच नाही असं वाटलं. मग त्यांच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरलं.

"मी तुमचे हात धरून रडले," त्या हळू म्हणाल्या. "तेव्हाही बोलला नाहीत?"

"न्हाई."

"वर्षभर मी ह्यांच्यासमोर मान वर केली नाही. वडिलांकडं गेले नाही. देवघरात बसवत नाही मला. आणि तुम्ही आज सांगता?"

"हाव."

वहिनी उठल्या. खिडकीपाशी गेल्या, परत आल्या. पदर घट्ट आवळून धरला होता. "मग आता काय? तुम्ही बघितलं, मी शिवू दिलं नाही. दोघींत वाटून घेतलं म्हणजे कमी होतं का?"

"व्हत न्हाई, वयनी," सरजाबाई म्हणाली. "म्या वाटून घ्यायला न्हाई आले. माझं तुमच्यापाशी ऱ्हायलं व्हतं, ते न्यायला आले."

वहिनींनी खिडकीकडं तोंड फिरवलं; रागानं की कशानं, ते सरजाबाईला कळलं नाही. तिनं थोडी वाट बघितली. मग गुडघ्यावर हात टेकून उठली, दाराशी वहाणा घातल्या. मागून दार लागल्याचा आवाज आला नाही आणि कुणी थांब असंही म्हटलं नाही.

स्टँडवर ग्यानोबा मुखेडच्या गाडीपाशी उभा होता. खिडकीतून पंचा टाकून त्यानं जागा धरली होती.

"सांगितलंस?"

"हाव."

"काय म्हन्ल्या?"

सरजाबाई जागेवर बसली. उन्हानं बाक तापलेलं होतं. तिला वाटलं होतं, सांगितल्यावर हलकं होईल. तसं काही झालं नव्हतं.

"काय न्हाई," ती म्हणाली. "पानी दिलं व्हतं. प्यायचं ऱ्हाऊन गेलं."

गाडी हलली. ग्यानोबानं पिशवीतली भाकरी काढली, अर्धी मोडून तिच्या हातात दिली. तो तुकडा हातात धरून ती बराच वेळ बाहेरची उघडी रानं बघत राहिली, आणि वाटेतल्या शिरूरच्या अलीकडं कुठंतरी तिनं पहिला घास मोडला.